समोर दिलेली लेक

जानकीबाईंनी लेकीसाठी स्थळं पाहिली ती अंतर बघून. मुलगा काय करतो, घरात माणसं किती, नळ आत की बाहेर, हे सगळं इतर आयांसारखं त्यांनीही विचारलं, पण उत्तर ऐकायला त्या थांबत नसत. खरा प्रश्न शेवटी यायचा. "हयसून किती लांब?"

चेंबूरचं स्थळ चांगलं होतं. मुलगा कारखान्यात कायम, दिसायला उजळ. जानकीबाई स्वतः पाहून आल्या, जाता-येता दोन-दोन बस बदलल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "चेडवाक ताप इलो तर माका कळापर्यंत तो उतरान पण जातलो." चेडू म्हणजे मुलगी, जानकीबाईंची एकुलती एक, प्रेमा. बोरिवलीचं स्थळ त्याहून बरं होतं, पण तिथे आगगाडीने जावं लागतं या एका मुद्द्यावर ते बाद झालं. कुडाळकडच्या माणसांनी तर आंब्याची कलमं मोजून दाखवली. त्यांना पोस्टकार्डाने नकार गेला.

लवू या परीक्षेत पहिला आला. अंधेरीला एमआयडीसीत प्रेस मशीनवर कामाला, उंचीने बेताचा, डोक्याने गरम, आईबाप गावी. पण राहायला आमच्या चाळीत, माझ्या डोक्यावरच्या खोलीत. आणि आमची चाळ वाकोल्याला हायवेच्या पश्चिम अंगाला, जानकीबाईंच्या वस्तीच्या अगदी समोर. मधे फक्त रस्ता. लग्न ठरायच्या आधी जानकीबाईंनी तो दोनदा चालून पाहिला. स्वतःच्या उंबऱ्यापासून लवूच्या जिन्यापर्यंत चार मिनिटं, त्यात एखादा ट्रक जाऊ देण्याचा वेळ धरून.

"समोरच दिलंय चेडवाक," असं त्या पुढे वर्षभर भेटेल त्याला सांगत होत्या. 'समोर' हे एखाद्या मोठ्या गावाचं नाव असावं अशा थाटात.

त्यांना हसणं सोपं होतं आणि मी भरपूर हसलोही. पण त्यांचा नवरा धोंडू गिरणीत असताना छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा प्रेमा नऊ वर्षांची होती. त्यानंतरची अकरा वर्षं या दोघी एका ताटात जेवल्या, एका गोधडीत झोपल्या, एकमेकींशी कडाकडा भांडल्या. लेक द्यावी लागते हे जानकीबाईंना मान्य होतं. लांब द्यावी लागते हे मान्य नव्हतं.

एक्क्याऐंशीच्या मार्गशीर्षात लग्न लागलं. वरात हायवे ओलांडून आमच्या बाजूला आली तेव्हा वस्तीतल्या सहदेवने लाल टॉवेल हलवून दोन्हीकडची वाहनं अडवली होती. सहदेव गिरणीतला, युनियनचा, माणसं गोळा करण्यात आणि गाड्या थांबवण्यात पटाईत. एका दुधाच्या टँकरवाल्याला त्याने खाली उतरवून लाडू खायला घातला. मी गॅलरीतून पाहत होतो. सवयीने मोजलं : चौदा ट्रक, नऊ मोटारी, दोन बस, एक टँकर. सगळे एका नवरीसाठी उभे.

ही सवय धंद्याची. मी रस्त्यांच्या खात्यात मोजणी कारकून. हायवेच्या कडेला स्टुलावर बसायचं, मांडीवर फळी, फळीवर तक्ता. ट्रक गेला की ट्रकच्या रकान्यात रेघ, सायकल गेली की सायकलच्या. चार उभ्या, पाचवी आडवी. बारा वर्षं हे केल्यावर माणूस घरी बायकोने किती वेळा उसासा टाकला हेही मोजायला लागतो. सुहासिनी, माझी बायको, म्हणते की आमच्या घरात फक्त मोजणी होते, काम काही होत नाही.

तेव्हा मी अधिकृतपणे सांगू शकतो की लग्नानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत जानकीबाई दिवसाला सरासरी तीन वेळा आल्या. सकाळी भाकरी घेऊन, दुपारी तिकला, म्हणजे बांगड्याचं तिखट कालवण, घेऊन, संध्याकाळी काही नाही म्हणून. जिन्याच्या तळाशी गुडघा धरून क्षणभर थांबायच्या, माझ्या दाराकडे पाहून विचारायच्या, "काय ओ मास्तरांनू, बरा मा?" हातात पेन असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या हिशेबी मास्तर होता. मला टायफॉइड झाला त्या वर्षी तीन आठवडे त्यांनी माझ्यासाठी पेज आणली. मागितली नव्हती. लेकीकडे जातच होत्या, एक वाटी जास्त.

वर आवाज चढायचे ते आम्हाला खाली स्पष्ट ऐकू यायचे.

"खोबऱ्याचा वाटप असा करतत? ही काय भैयाची चटणी?"

"आई, तू तुझ्या घरी कर ना तुला हवं तसं!"

"माझ्या घरी मी एकटी खातलंय?"

मग लवूचा आवाज. "सासू आहे का बेस्टची बस? दर दोन तासांनी स्टॉपवर हजर!"

"ए, आईला काय बोलायचं नाय हां. सांगून ठेवते."

आणि संध्याकाळी प्रेमा स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे. रुसवा काढायला. तिचे फेरेही मी धरत होतो. दिवसाला एक, भांडण झालं असेल तर दोन.

आता रस्त्याकडे यायला हवं.

आमच्या खात्याने हायवे सुधारायला काढला होता. चांगला, वेगवान, कुठे न थांबणारा रस्ता करायचा होता. पण एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. जेवढं मंजूर तेवढं खणायचं. आधी दक्षिणेकडचा एक तुकडा रुंद झाला, मग उत्तरेकडचा, मग मधले तीन सोडून पुन्हा दक्षिणेकडचा. नकाशावर झालेले तुकडे साहेब लाल पेन्सिलीने भरायचे. आमचा तुकडा कितीतरी दिवस पांढरा होता. ब्याऐंशीत आमच्यासमोर दुभाजक आला. गुडघ्याएवढा, पण वस्तीसमोर माणसांसाठी एक गॅप ठेवलेली. जानकीबाईंना तो आवडला. "मदी बसूक बरा झाला," म्हणाल्या, आणि खरोखरच अर्धा रस्ता ओलांडून त्यावर बसून श्वास घ्यायला लागल्या. पुढच्या वर्षी दोन्हीकडे एकेक पट्टा वाढला. चार मिनिटांची सात झाली. दोन्ही अंगांनी पूर्ण झालेला रस्ता आमच्यापाशी येऊन अरुंद व्हायचा, आणि लांबून सुसाट आलेले ट्रक इथे येऊन हॉर्न मारायचे.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत माझ्या टेबलावर कागद आला. वस्तीसमोरची गॅप बंद करून दुभाजकावर उंच जाळी बसवायची. माणसांसाठी खालून सबवे. सबवे एकच मंजूर होता आणि जागा दोन होत्या : एक आमच्यासमोर, दुसरी उत्तरेला दीड किलोमीटरवर नाल्यापाशी. तीन दिवस पादचाऱ्यांची मोजणी करायची. बारा तासांत पाच हजार माणसं रस्ता ओलांडत असली तर आमची जागा पक्की. आमच्याकडे तेवढी नसली तर सबवे नाल्यापाशी. मोजणीवर माझं नाव.

हा आकडा बाहेर सांगायचा नसतो. मी सांगितला. त्याला कारण दुसरं काही नाही, जिन्याच्या तळाशी जानकीबाई गुडघा चोळत उभ्या होत्या आणि मला एकदा तरी मास्तरासारखं वाटायचं होतं.

"सबवे म्हणजे काय ता?"

"रस्त्याच्या खालून बोगदा. ट्रक वरून, तुम्ही खालून. थांबायला नको, धावायला नको."

"आणि तो हय होतलो?"

"पाच हजार माणसं आली-गेली तर."

त्यांनी तोंडातल्या तोंडात 'पाच हजार' असं दोनदा म्हटलं. मी म्हटलं, "काळजी करू नका. त्या तीन दिवसांत सगळ्यांनी नेहमीसारखी ये-जा करा. झालं."

इथे मी चुकलो. आमच्यासमोरून रोज किती माणसं जातात याचा मला अंदाज होता. गॅलरीत बसून मी गंमत म्हणून दोनदा अर्धा-अर्धा दिवस मोजून पाहिलं होतं. पाच हजारांच्या वरच होती. तेवढं एक वाक्य बोललो असतो तर ही गोष्ट लिहायला लागली नसती. पण खात्याचा माणूस अर्धीच माहिती देतो. पूर्ण दिली तर त्याला विचारायला कोण येणार?

जानकीबाईंनी आकडा सहदेवला सांगितला. सहदेवची गिरणी संपापासून बंद होती. दोन वर्षं तो घरी बसून होता, आणि मोर्चा काढायची कला हातात असून मोर्चा नव्हता. त्याने रात्री वस्तीत मीटिंग घेतली. नंतर मला कळलं ते असं : पाच हजार म्हणजे साहेब अडीच हजारच धरणार, गिरणीत हजेरी कशी कापायचे आठवतं ना? तेव्हा आपण दहा द्यायचे. त्या तीन दिवसांत कुणी घरात बसायचं नाही. म्हाताऱ्यांनी पाच फेरे, बायकांनी दहा, तरुणांनी वीस. परत येताना रांग उलटी करायची, म्हणजे संशय नको.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता मी पलीकडे गॅपजवळ स्टूल टाकलं. आठ वाजेपर्यंत माझा एक तक्ता भरला. नऊला दुसरा. मी मान वर केली तर एकच केशरी लुगडं चौथ्यांदा जात होतं. एक आजोबा काठी टेकत गेले आणि अर्ध्या तासाने काठी न टेकता परत गेले. दोघी बायका एकमेकींना रस्त्याच्या मधोमध भेटून विचारत होत्या, "तुझे किती झाले गं?" "सात. तुझे?" "माझा पाय दुखतोय, माझे दोन तू घे."

आणि जानकीबाई. डोक्यावर टोप, टोपावर झाकण. दर वीस मिनिटांनी. जाताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. कारस्थान अंगात मुरलं होतं. दुभाजकावर मात्र बसायच्या, गुडघा चोळायच्या, आणि उठताना कुणीतरी हात दिला तर घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी एकतीस फेरे केले. मी एकतीस रेघा मारल्या.

का मारल्या? तक्त्यावर माणूस लिहायचा नसतो, ओलांडणं लिहायचं असतं. नियमाने मी बरोबरच होतो. आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. संध्याकाळी बेरीज केली : नऊ हजार एकशे चौदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. उपअभियंता चंद्रप्रकाश साहेब उतरले. माझ्याहून तरुण, स्वच्छ शर्ट, बोलणं सभ्य. माणूस वाईट नव्हता; हे मला पुढे फार वेळा स्वतःला सांगावं लागलं.

"विद्याधर, काल इथे जत्रा होती का?"

"वस्ती मोठी आहे, साहेब."

"एवढी?" त्यांनी जीपमधली छत्री मागवली आणि माझ्या शेजारी दगडावर बसले. एक तास बसले. पहिल्या वीस मिनिटांत जानकीबाई गेल्या. पुढच्या वीस मिनिटांत आल्या. तिसऱ्यांदा डोक्यावरचा टोप सावरत त्या गॅपपाशी पोचल्या तेव्हा साहेब उठले.

"बाई, जरा थांबा. कुठे निघालात?"

"चेडवाकडे."

"टोपात काय आहे?"

"बांगड्याचो तिकलो."

"मघाशीही तोच होता?"

जानकीबाईंनी झाकणावर हात ठेवला. साहेबांनी स्वतः टोपाला हात लावला नाही. नुसतं म्हणाले, "बघू?" आणि उभे राहिले. ऊन होतं, ट्रक जात होते, पाचपन्नास माणसं आपापले फेरे थांबवून बघत होती. शेवटी त्यांनी टोप खाली घेतला आणि झाकण काढलं. आत काही नव्हतं. राखेने घासून लख्ख केलेला टोप.

साहेब माझ्याकडे वळले. "यांना पाच हजारांचं कुणी सांगितलं? ही बाई तुमच्या ओळखीची आहे?"

बारा वर्षांची नोकरी. क्वार्टरचा अर्ज वरती गेलेला. "नाही साहेब," मी म्हटलं. "आम्ही डोकी मोजतो. तोंडं बघायला वेळ कुठे असतो?"

"तुम्ही यांना ओळखता?" साहेबांनी त्यांना विचारलं.

जानकीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा त्या बघत होत्या ते मी काय बोललो ते नीट ऐकू आलं का म्हणून. मग त्यांना कळलं. आणि मग, त्या जेवढ्या वेगाने मला वाचवायला धावल्या तेवढ्या वेगाने त्या गुडघ्याने कधी रस्ता ओलांडला नसेल.

"ह्यांका? नाय ओ सायब! मी खयसून वळखतलंय? ही सरकारची माणसां. मी आपली खुळ्यासारखी फेरे मारतंय, माका कोणी सांगूक नाय."

झाकण लावलं, टोप काखेत घेतला आणि आल्या वाटेने परत गेल्या. लेकीकडे नाही, घरी.

मोजणी अविश्वसनीय म्हणून रद्द करावी असा शेरा साहेबांनी जीपमध्ये बसूनच लिहिला. लेखी हुकूम यायला आठवडा लागणार होता, म्हणून तिसऱ्या दिवशीही मला स्टुलावर बसणं भाग होतं. त्या दिवशी वस्तीतून कुणी उगाच बाहेर पडलं नाही. ज्यांना कामाला जायचं होतं ते गेले, पोरं शाळेत गेली, बायका बाजाराला गेल्या. जानकीबाई आल्याच नाहीत. संध्याकाळी मी बेरीज केली. पाच हजार तीनशे शहाऐंशी.

पुन्हा केली. तेवढीच.

तो तक्ता घेऊन मी साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे पाहिला. "विद्याधर, पहिल्या दोन दिवसांनंतर याच्यावर कोण विश्वास ठेवेल? मी ठेवला तरी वरती कोण ठेवेल?" तक्त्यावर 'नोंद घेतली' असं लिहून त्यांनी तो फायलीत लावला. खोटं नव्हतं ते. नोंद घेतली होती.

सहदेवला मी हा आकडा सांगितला. तो बराच वेळ पायाच्या नखाने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गपचूप घरी बसलो असतो तरी झालं असतं?"

"घरी बसून नाही. नेहमीसारखं."

"आईशप्पथ." त्याने तोंडावरून हात फिरवला. "जानकीवहिनीला सांगू नको हां हे. कधीच."

मी नाही सांगितलं. चाळीत सुहासिनीला सगळा प्रकार कळलाच होता. तिने त्या रात्री ताट वाढलं आणि समोर बसून विचारलं, "ओळखत नाही म्हणालात?" मी मान खाली घालून जेवलो. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही आणि त्या आठवड्यात माझ्याशी दुसरं काही बोललीही नाही.

एप्रिलमध्ये गॅप बंद झाली. दोन दिवसांचं काम. सिमेंटचे ठोकळे, वर डोक्याएवढी जाळी. नकाशावरचा आमचा तुकडा लाल झाला. ट्रक आता आमच्यासमोर हॉर्न मारत नाहीत. कारण थांबत नाहीत. झोप छान लागायला लागली, असं चाळीतले लोक म्हणाले. सबवे नाल्यापाशी झाला, पावसाळ्याआधी.

जानकीबाईंच्या उंबऱ्यापासून सबवे दीड किलोमीटर, तिथून परत आमच्या जिन्यापर्यंत दीड. चांगल्या पायांना पाऊण तासाच्या आतबाहेर. त्यांच्या पायांना सव्वा तास, पायऱ्या वेगळ्या. पहिला महिना त्या रोज आल्या. दुपारी बाराला निघायच्या, सव्वाला पोचायच्या, तोवर कालवण थंड. प्रेमा ते गरम करायची, तेवढ्यात जानकीबाई भिंतीला टेकून डोळा लावायच्या, आणि उठल्या की निघायची वेळ. बोलायचं राहूनच जायचं. रिक्षाने चार किलोमीटरचा वळसा, ती सणावारी. पावसाळ्यात सबवेत पाणी. ऑगस्टपासून आठवड्यातून दोनदा, दिवाळीनंतर एकदा. जिन्याच्या तळाशी थांबून त्या मला अजूनही विचारायच्या, "काय ओ मास्तरांनू, बरा मा?" त्या दिवसाचा शब्द कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

इथवरचं सगळं रस्त्याच्या नावावर टाकता येतं. वस्तीत टाकलंही गेलं. जानकीबाई स्वतः सांगायच्या, "काय करतलंय? रस्तो आडवो इलो." पण मी मोजणी कारकून आहे, आणि दुसरा रकानाही माझ्यासमोर होता.

प्रेमाचे पाय तेवीस वर्षांचे होते. तिलाही तोच वळसा, पण तिला पाऊण तास. पहिले पंधरा दिवस ती रोज गेली, येताना घामेजून यायची. मग एक दिवस आड. मग रविवारी, लवू बरोबर असला तर. मग लवूला ओव्हरटाइम लागला. वरून आता भांडणाचे आवाज येत नव्हते. खोबऱ्याचं वाटप कसं करायचं हे प्रेमा स्वतः ठरवत होती. एकदा जिन्यात सुहासिनीला म्हणाली, "काकू, वाईट वाटतं हो. पण घर जरा घरासारखं वाटायला लागलंय." आणि लगेच जीभ चावली.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. जानकीबाईंनी पत्र्याला नवी ताडपत्री घातली, पिंप घेतलं, डिंक आणून ठेवला. प्रेमा म्हणाली, "आई, हॉस्पिटल इकडे. रात्री-अपरात्री फिरून यायचं म्हणजे…" बरोबरच होतं तिचं. जानकीबाई डिंक घेऊन इकडे आल्या. लवूची आईही गावाहून आली होती. खोली दहा बाय बाराची. जानकीबाई तीन दिवस राहिल्या आणि नातवाची दृष्ट काढून परत गेल्या.

सत्याऐंशीच्या मे महिन्यात लवूने मुलुंडला खोली घेतली. त्याची कंपनी तिकडे गेली होती. मुलुंड म्हणजे दुसरी लाइन, दुसरा हायवे, इथून दोन-अडीच तास. सामान बांधून झालं तरी पलीकडे सांगितलं नव्हतं. शनिवारी रात्री प्रेमा मूल काखेत घेऊन आमच्या दारात आली.

"काका, उद्या तुम्ही आईला सांगाल?"

"मी? तू जा की. रविवार आहे."

"मी गेले तर ती रडेल. मग मला निघवणार नाही." पोराला सावरत म्हणाली, "तुमचं ऐकते ती."

रविवारी सकाळी मी गेलो. पहिल्यांदाच मी तो वळसा पायांनी चाललो. नकाशावर असंख्य वेळा बोट फिरवलं होतं. सबवेत दिवा नव्हता. मी पोचलो तेव्हा जानकीबाई दारात बसून कुळीथ पाखडत होत्या. मला पाहून सूप थांबलं. मी कधीच आलो नव्हतो. तेव्हा काहीतरी झालंय हे त्यांना कळलंच.

"नातू बरो मा?"

"बरा आहे. सगळे बरे आहेत." मग मी सांगितलं. मुलुंड, कंपनी, खोली, आजच टेम्पो.

त्यांनी सगळं ऐकलं. सूप मांडीवरून बाजूला ठेवलं. "थय घरात नळ असा?"

"आहे."

"मगे बरा." त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या. जाळीपलीकडे आमची चाळ दिसते तिथून, लवूची गॅलरी दिसते. गॅलरीतल्या दोऱ्या काढलेल्या होत्या. "ती येतली काय आज? जावच्या आदी?"

टेम्पो दोन वाजता होता आणि आत्ता साडेनऊ झाले होते. येऊन परत जाऊन जेवण करून वेळ उरला असता. मी म्हटलं, "म्हणत होती, यायचं. पण पोर, सामान, ऊन…"

जानकीबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी एकदा साहेबांसमोर खोटं बोललो होतो तेव्हाही त्यांनी असंच पाहिलं होतं, आणि तेव्हाही त्यांना कळायला फार वेळ लागला नव्हता.

"नको, नको," त्या घाईने म्हणाल्या. "तिका सांगा, आवशीन सांगल्यान येव नको. रस्तो वायट असा. पोराक घेवन त्या बोगद्यात्सून खय येतली? इतक्यो गाड्यो. माझी शपथ घाला तिका."

"सांगतो."

"आणि मुलुंडासून पण सारख्या सारख्या येव नको म्हणान सांगा. मी येतलंय. गुडघो बरो झालो काय मी येतलंय."

मी परत फिरलो. घरी पोचून वर गेलो आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला. माझ्या धंद्यात तेवढं तरी जमतं. प्रेमाने पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. तिच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं ते मला दिसलं. "आईने स्वतःच सांगितलं ना?" तिने विचारलं. "हो," मी म्हटलं. मग ती लवूला म्हणाली, "ऐक ना, मग टेम्पोवाल्याला एक वाजताच बोलव. उगाच कशाला उन्हाचं थांबायचं?"

टेम्पो एक वाजता आला, सव्वाला गेला.

संध्याकाळी मी पुन्हा तो वळसा घातला. कुणी पाठवलं नव्हतं. जानकीबाई दारातच होत्या. कुळीथ तिथेच, तसाच.

"गेली?"

"गेली."

"निरोप सांगलात?"

"सांगितला."

त्यांनी कुळथाचे चार दाणे सुपात ओढले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रडली काय ओ?"

"हो," मी म्हटलं.

"खूप?"

"खूप रडली. लवूने समजूत घातली तेव्हा कुठे टेम्पोत बसली."

"खुळा मेला चेडू," जानकीबाई म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं. "रडूचा कित्याक? सांगूचा नाय तुमी तिका, रस्तोच तसो असा म्हणान?"

"सांगितलं," मी म्हटलं. "तेच सांगितलं."